पोटरीचं श्रेय

दुपारी सोफ्यावर लोळताना पायात गोळा कधी येत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये आला तर निदान उठून बाहेर तरी जाता येईल, पण तिथेही नाही. तो येतो पहाटे तीनला, झोपेत आळस देताना पाऊल जरा खाली ताणलं की. पोटरीचा दगड होतो आणि आपल्या तोंडून निघालेला आवाज आपल्यालाच ओळखू येत नाही.

"कोणता पाय?" बायको डोळे न उघडता विचारते. डाव्याला वेगळा उपचार आहे की काय, देव जाणे. "अंगठा ओढा आपल्याकडे!" ओढतो की, पण मध्ये पोट आहे ना! शेवटी तीच उठते आणि पंजा धरून नडगीकडे रेटते. डॉक्टरही हेच सांगतात, फक्त ते इतक्या त्वेषाने रेटत नाहीत.

बाकी उपायांना तोटा नाही. सासूबाई काशाच्या वाटीने तळवे घासायला सांगतात. खालच्या मजल्यावरचे नाना म्हणाले, चादरीखाली साबणाची वडी ठेवा. ठेवली, चादरीला छान वास येतो. मेहुणा अमेरिकेत असतो, त्याने लोणच्याचं पाणी सुचवलं. २०१० साली तिकडे म्हणे लोकांच्या पायात विजेने मुद्दाम गोळे आणले (हौस!) आणि लोणच्याच्या पाण्याने ते साध्या पाण्यापेक्षा लवकर उतरले. पण त्यांचं लोणचं म्हणजे खारवलेली काकडी. आमच्या घरात बरणी कैरीची. हिने त्यातला चमचाभर खार तोंडात घातला आणि असा ठसका लागला, की पाय कधी मोकळा झाला ते कळलंच नाही.

खरं तर गोळा बहुतेक वेळा काही मिनिटांत आपला आपण उतरतो. त्या क्षणी हातात वाटी असेल तर वाटीचा गुण, साबण असेल तर साबणाचा. रस्ता झाल्यावर नारळ फोडायला आलेल्या आमदारासारखं आहे हे.

अलीकडे आणखी एक सुरू झालंय. दुखत काही नाही, पण आडवं झालं की पायांत वळवळ. उठून चाललं की थांबते, पाठ टेकली की पुन्हा हजर. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६७२ मध्येच हे लिहून ठेवलंय, म्हणजे माणसं निदान साडेतीनशे वर्षं रात्री येरझाऱ्या घालताहेत. आमच्या डॉक्टरांनी रक्तातलं लोह तपासलं, कमी निघालं. गोळ्या दिल्या त्याचं काही नाही, पण संध्याकाळचा चहा बंद केला! त्यापेक्षा वळवळ परवडली.

घरात चाललं की फरशी वाजते, म्हणून परवा रात्री खाली पार्किंगमध्ये गेलो. तिथे स्कूटरींच्या मधून नाना आधीच फेऱ्या मारत होते.

"नाना, तुम्ही? आणि साबण?"

"बदलून पाहतोय," नाना म्हणाले. "आता चंदनाचा ठेवलाय."