आधी हवा, मग हँडलबार

‘तुमचा लेख वाचून कार्बनचा हँडलबार घेतला, तरी दगडी उतारावर हात बधिर होतात. रिजिड, म्हणजे सस्पेन्शन नसलेली सायकल ही नुसती मिरवायची हौस,’ असं तुम्ही लिहिलंय. हँडलबारच्या बाबतीत चूक माझी आहे. लेखात मी बारवर चार परिच्छेद लिहिले आणि टायरमधली हवा एका ओळीत उरकली. व्हायला हवं होतं उलटं.

तुमचा टायर २.२५ इंची, आत ट्यूब आणि हवेचा दाब ३५ पीएसआय. एवढ्या टणक टायरवर कुठलाही बार लावा, दगड थेट तळहातात येणार. पण ट्यूब ठेवून हवा फार उतरवलीत, तर दगड आणि रिमच्या मध्ये ती चिमटली जाते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. म्हणून आधी ट्यूबलेस करा, आणि फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, जागा असेल तर पुढे २.६ चा टायर. माझं वजन ७२ किलो. मी पुढे १६, मागे १९ ठेवतो. हा आकडा मला एकेक पीएसआय कमी करत सापडला. रिम दगडावर ‘टक्’ वाजली की दोनने वाढवायचं.

आता हात. बधिर होतात ती करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ना? मग तळहाताची बाहेरची कड दाबली जातेय, तिथली नस तक्रार करतेय. सरळ बारवर मनगट अवघडतं. १६ अंश मागे वळलेला बार आणि जाड सिलिकॉन ग्रिप यांचा मला कार्बनपेक्षा जास्त उपयोग झाला. शिवाय तुमच्या बारची मधली जाडी ३५ मिमी असेल तर तो ३१.८ वाल्यापेक्षा बहुधा ताठच असणार, कार्बन असो वा नसो.

२७.२ मिमीचा लवचीक सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, बसून पेडल मारताना छान, उतारावर मात्र बिनकामाचा. तिथे आपण उभेच असतो.

एक कबुली: टायर दणका गिळतो, पण लगेच उसळूनही देतो. ती उसळी आवरणारं डॅम्पिंग त्यात फारसं नाही. सलग दगडमुळांवरून वेगात जायचं असेल तर सस्पेन्शनच जिंकणार, त्यावर मी वाद घालत नाही. सस्पेन्शनचा फोर्क घ्यायचाच तर खुशाल घ्या, पण त्याआधी तोच उतार कमी हवेवर एकदा उतरून बघा. आणि हवा मोजायला वेगळा गेज वापरा. माझ्या पंपाचा काटा २० च्या खाली सरळ थापा मारतो.