‘एकाही अरब देशाने सीरियन निर्वासित घेतला नाही’? साफ चूक!

सीरियातल्या यादवी युद्धाचा विषय निघाला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘एकाही अरब देशाने निर्वासित घेतले नाहीत, सगळे युरोपात घुसले. श्रीमंत आखाताने तर दारंच लावून घेतली.’ परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. पाठवणारी माझीच माणसं, म्हणून मला गप्प बसवलं नाही.

‘एकाही देशाने नाही.’ लेबनॉन आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान. एप्रिल 2014 पर्यंत तिथे नोंदणी झालेले सीरियन निर्वासित 10 लाखांवर गेले होते, म्हणजे दर चार-पाच माणसांमागे एक. शाळा दोन पाळ्यांत भरू लागल्या, दुपारची पाळी सीरियन मुलांची. 1948 मध्ये आलेल्या पॅलेस्टिनींच्या छावण्या कायमच्याच झाल्या, त्यामुळे सरकारने नव्या अधिकृत छावण्या होऊ दिल्या नाहीत. मग बेका खोऱ्यात कुटुंबांनी शेताचा तुकडा भाड्याने घेतला आणि तंबू ठोकले. छपराला जाहिरातींचे जुने फ्लेक्स! पाण्याची कायम टंचाई असलेल्या जॉर्डनमध्ये साडेसहा लाखांहून जास्त सीरियनांची नोंद झाली. तिथली झातारी छावणी जुलै 2012 मध्ये उघडली आणि बघता बघता तिचं शहर झालं. इराक आणि इजिप्तनेही लाखाच्या घरात माणसं घेतली.

या देशांनी पुढे हात आखडता घेतला, हेही खरं. जानेवारी 2015 मध्ये लेबनॉनने प्रवेशाचे नियम कडक केले, जून 2016 मध्ये आत्मघाती हल्ल्यानंतर जॉर्डनने सीमा बंद केली. पण तोवर घरं भरली होती.

‘सगळे युरोपात.’ जर्मनीने लाखोंना आसरा दिला, त्याचं मोल मोठंच आहे. पण एकट्या तुर्कस्तानात एके काळी 36 लाख सीरियन होते. तो अरब देश नव्हे, पण शेजारी आहे. शिवाय 60 लाखांहून अधिक लोक सीरियातच घरदार सोडून भटकत होते. डिसेंबर 2024 मध्ये सीरियाचे अध्यक्ष असद यांची सत्ता गेल्यावर जे परतले, तेही मुख्यतः तुर्कस्तान, लेबनॉन आणि जॉर्डनमधूनच.

‘आखाताने दारं लावली.’ इथे निम्मं खरं आहे. आखाती देशांनी 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, म्हणून तिथला सीरियन माणूस निर्वासितांच्या यादीत दिसतच नाही. तो इकाम्यावर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या निवास परवान्यावर राहतो. कोकणात ज्यांच्या घरातलं माणूस कुवेतला किंवा दम्मामला आहे, त्यांना इकामा काय ते सांगायला नको. कुवेतने 2013 ते 2015 सलग तीन वर्षं मदत परिषदा भरवल्या, पैसा दिला. माझा आक्षेप वेगळा आहे: नोकरी गेली की इकामा जातो, आणि आपला माणूस निदान रत्नागिरीला परत येऊ शकतो. सीरियातल्या होम्स शहराच्या माणसाने तेव्हा कुठे जायचं होतं?