गांजाची परवानगी मागण्याआधी कॅलिफोर्नियाचा उन्हाळा बघा

२०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता. कुठल्याच मालाला भाव नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. त्यात उपरोध किती आणि हतबलता किती, ते सोडा. पण कांदा पडला की ही मागणी कुणीतरी पुन्हा काढतं, आणि ‘अमेरिकेत बघा’ हे शेपूट ठरलेलं. बघूच मग.

नोव्हेंबर २०१६ च्या सार्वमतानंतर कॅलिफोर्नियात २१ वर्षांवरच्यांना घरी गांजा लावता येतो, पण घरटी सहाच झाडं, माणशी नव्हे. अनेक शहरांत उघड्यावर लावायला बंदी आहे. (एच-वन आणि ग्रीन कार्डवाल्यांनी या वाटेला जाऊच नये. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तो अजून गुन्हा आहे, आणि नागरिकत्वाच्या अर्जात राज्याची परवानगी ढाल ठरत नाही, हे इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी सांगून ठेवलंय.)

‘ते तणच, बांधावरसुद्धा येतं’ हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद. येतं ना. पण तपासणीत पास होऊन विकला जाणारा माल तसा येत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटो खोऱ्यात जुलैत पारा चाळिशी ओलांडतो, आणि पहिला फटका पानांना नव्हे, मुळांना बसतो. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत उन्हाकडची माती भाजून निघते आणि त्या बाजूची पांढरी मुळं मरतात. म्हणून इथे ७५ ते १०० लिटरच्या फिक्या रंगाच्या कापडी पिशव्या वापरतात, वर आठ-दहा सेंटिमीटर पेंढ्याचं आच्छादन आणि दुपारी एक ते सहा ३० ते ४० टक्क्यांची शेडनेट. पाणी ठिबकने, पहाटे. पुरुषभर उंचीचं झाड अशा उन्हात दिवसाला दहा-पंधरा लिटर सहज पितं. दुपारी मान टाकलेलं झाड बघून पाइप हातात घेणं ही नवख्यांची नेहमीची चूक. आधी माती दोन पेरं उकरून बघायची. खाली ओल असेल तर पाणी देऊ नये, संध्याकाळी झाड आपोआप सावरतं. तापलेल्या, चिंब मातीत बुरशीसारखा पिथियम शिरतो, मूळकूज होते आणि मग झाड उठतच नाही. या दिवसांत नत्राचा हातही आखडता ठेवावा लागतो.

उन्हाने पानांच्या कडा होडीसारख्या वर वळतात. घोटाळा असा की रसेट माइट या कोळ्यानेही अगदी तसंच होतं. हा कोळी जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्याला दिसत नाही. फरक ओळखायची खूण आहे. उन्हाचा चटका वरच्या, उघड्या पानांवर दिसतो आणि रात्री पान सरळ होतं. कोळी असेल तर पान सकाळीही वळलेलंच राहतं आणि देठावर फिकट तपकिरी धूळ बसल्यासारखी वाटते. वीसपट भिंगाखाली तीच धूळ चालताना दिसते. त्यावर पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पण फुलं धरण्याआधीच. पारा ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारलं की पानं करपतात. तेलाची फवारणी झाली असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात.

ऑगस्टनंतरचा शत्रू आपल्या घाटेअळीची अमेरिकन चुलत बहीण, मक्याच्या कणसातली अळी. पतंग फुलावर अंडी घालतो, अळी आत बोगदा करते, तिच्या विष्ठेवर बुरशी वाढते. बाहेरून फूल ठणठणीत असतं, मधलं एकच छोटं पान पिवळं पडलेलं. ते हलकेच ओढल्यावर अलगद हातात आलं, तर आत राखाडी लगदा नक्की. कुजीच्या चार-पाच सेंटिमीटर खाली छाटायचं, जागेवरच पिशवीत बंद करायचं, कात्री अल्कोहोलने पुसायची. बीटी हे जिवाणूंपासूनचं फवारणीचं औषध लहान अळीवरच लागू पडतं आणि उन्हात दोन-चार दिवसांत निकामी होतं, म्हणून ते संध्याकाळी आणि दर आठवड्याला. तुडतुड्यांमार्फत येणारा कर्ली टॉप विषाणू आणि कात्री-कलमांतून पसरणारा हॉप लेटंट व्हायरॉइड यांना औषधच नाही. झाड उपटायचं.

आपल्याकडच्या चर्चेत एक गोष्ट कधीच येत नाही. नाशिकचा द्राक्ष बागायतदार भुरीवर मायक्लोब्युटानिल मारतो, त्यात वावगं काही नाही, द्राक्ष कुणी जाळून ओढत नाही. तेच औषध लागलेलं फूल पेटवलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतो. कॅलिफोर्नियात परवान्याच्या मालाची ६६ कीटकनाशकांसाठी तपासणी होते. त्यातली २१ अजिबात आढळता कामा नयेत, आणि क्लोरपायरिफॉस त्यातलंच एक. शेजारच्या कपाशीवरून वाऱ्याने आलेला फवारा लॉट बाद करायला पुरेसा आहे. आपल्याकडे शेजाऱ्याच्या बांधावरून काय उडून येतं, हे सांगायला नको.

भावाचं म्हणाल, तर उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट आणि मेंडोसिनोच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या हेच करणाऱ्यांपैकी अनेकांनी शेती बंद केली. २०२१-२२ मध्ये घाऊक भाव कोसळले, तेव्हा लागवडीचा करच पौंडाला १५० डॉलरच्या वर होता. तो जुलै २०२२ मध्ये उठवला, पण तोवर बऱ्याच जणांचं दिवाळं निघालं होतं. परवानगी सगळ्यांनाच मिळते, आणि मग कांद्याचं होतं तेच.

एवढं करून इथलं बियाणं सोलापुरात चालायचं नाही ते नाहीच. सॅक्रमेंटोत जूनमधला दिवस पावणेपंधरा तासांहून मोठा असतो. चौदा तासांच्या आसपास उतरला की इथले बहुतेक वाण फुलावर येतात. सोलापूरचा सर्वांत मोठा दिवसच १३ तास १० मिनिटांचा, म्हणजे जूनमध्ये पेरलेलं झाड गुडघाभर होण्याआधीच फुलणार आणि ऐन भाद्रपदाच्या झडीत कुजणार. इथे जून ते सप्टेंबर पाऊस जवळपास नसतो, म्हणून तर हे पीक उघड्यावर निघतं.

त्यापेक्षा हेम्पचा, म्हणजे याच झाडाच्या धाग्याचा आणि बियांचा, प्रश्न जास्त विचार करण्यासारखा आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याचं कलम १४ त्यासाठी परवानगीची वाट ठेवतं, उत्तराखंडने टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, ०.३ टक्क्यांच्या आत हवं अशी अट घालून परवाने दिले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बी खाद्य म्हणून मान्य केलं. राहुरी किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी वाणाच्या चार तारखांच्या पेरण्या करून बघाव्यात, त्यातली एक ऑक्टोबरची, आणि प्रत्येकीत टीएचसी ०.३ च्या वर जातं का ते मोजावं. अर्ज करायचाच तर तो आधी तिकडे करा.