‘सरासरी पाऊस, सरासरी ओल’ या प्रतिक्रियेला उत्तर

मातीतल्या ओलीवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे, की पाऊस सरासरीइतका पडला तर जमिनीत ओलही तेवढीच राहणार, 1972 चा दुष्काळ हवामानबदलाची चर्चा नसतानाही पडला होता, आणि ‘शहरात बसून शेतकऱ्याला माती शिकवू नये’. मतभेदाचे मला वाईट वाटत नाही, परंतु शेवटच्या वाक्यातील हेटाळणीचे प्रयोजन कळले नाही. माझे बालपण सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू रानात गेले आहे. शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरण्यापूर्वी वडील मूठभर माती दाबून वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, पाहत आणि ती माती माझ्याही हातावर ठेवत. तेव्हा माती मला कोणी शिकवली, हा प्रश्न आपण न विचारलेलाच बरा.

एक चूक मान्य करतो. लेखात एके ठिकाणी ओल आणि भूजल हे शब्द मी एकाच अर्थाने वापरले होते. तेथे दुरुस्ती केली आहे.

आता आपले पहिले वाक्य. भेगाळलेल्या काळ्या रानात पहिले पाणी भेगांतून खोल उतरते, पण चिकणमाती फुगून भेगा मिटल्या की मुरण्याचा वेग फार मंदावतो, आणि त्यानंतर तासाभरात कोसळलेला पाऊस बांध फोडून ओढ्याला मिळतो. उलट, पाच मिलिमीटरच्या भुरभुरीने वरची दोन बोटे माती भिजते आणि ऊन पडताच वाळते. पर्जन्यमापकात मात्र दोन्ही पाऊस पुरेपूर मोजले जातात. त्यात हवा 1 अंशाने तापली, की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पावसाने दडी मारली असता माती आणि पीक या दोघांकडूनही ती अधिक पाणी ओढते. भेगा पडल्यावर खालच्या थरातील ओलही उडू लागते, आणि कोळपणी करून त्या बुजवतात त्या यासाठीच. शिवाय काळ्या मातीचे कण पाण्याचा मोठा वाटा इतका घट्ट धरतात, की हाताला ओलसर लागणाऱ्या मातीतही शाळू माना टाकतो. हे मी पाहिले आहे, ऐकलेले नाही.

पूर्वी दुष्काळ पडत नसत, असे मी कोठेही म्हटलेले नाही, त्यामुळे 1972 विषयी अधिक लिहीत नाही.

आपली शेती कोणत्या भागात आहे, हे आपण लिहिलेले नाही. रान भारी, म्हणजे खोल काळ्या मातीचे असेल, तर येत्या उन्हाळ्यात एखाद्या भेगेत काठी सोडून ती किती खोल जाते ते पाहावे आणि येथेच कळवावे.