दोन्ही बाजू डाव्या

मध्यंतरी एका सकाळी गॅलरीत ड्रिल घेऊन बसलो होतो, गॅलरी म्हणजे आमचा सुतारकामाचा कारखाना, चार बाय सात फूट, त्यात वॉशिंग मशीन आणि तुळसही आहे, तर दहा मिनिटं जोर लावून बसलो तरी प्लायला भोकच पडेना. धूर मात्र यायला लागला. मी मनात त्या दुकानदाराला शाबासकी दिली, म्हटलं मरीन प्लाय म्हणतात ते हे, काय कडक माल दिलाय! बायकोला बोलवून दाखवलं पण. ती दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, ते उलटं फिरतंय का?"

रिव्हर्सवर होतं. बिटची धार चावणार कुठून, नुसती घासून घासून तापत होती.

तर विषय चपलांच्या रॅकचा. पॅसेजमध्ये दाराशेजारी बरोबर तीन फूट जागा आहे, तेवढाच रॅक करायचा. प्लाय रे रोडच्या लाकूडबाजारातून आणला. आठ बाय चारची अख्खी शीट आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून तिथेच कापून घ्यायचं ठरवलं होतं, माप घरून लिहून नेलेलं. (त्यासाठी टेप शोधण्यात सकाळ गेली, तो खिशातच होता, ते सोडा.) दुकानदाराने विचारलं, "साहेब, तीन फूट आतून का बाहेरून?" मी ऐटीत म्हटलं, "दोन्हीकडून." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि गप कापून दिलं.

आता पाऊण इंची प्लाय, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत सहा सूत, दोन बाजूंचे मिळून दीड इंच होतात हे मला दुसरीतल्या पोराइतकंच कळतं. पण कळणं वेगळं आणि कापताना आठवणं वेगळं. फळ्या छत्तीस इंची आणल्या, रॅक भरला साडेसदतीस, आणि दार उघडलं की अर्ध्यातच अडायचं. मग गॅलरीत बसून फळ्या पुन्हा कापल्या, प्रत्येकी दीड इंच, तेही दोन ते चार सोडून, कारण त्या वेळात आवाज केला की खालच्या काकू थेट सेक्रेटरीला फोन लावतात.

एवढं झाल्यावर माणूस शहाणा होतो असं मला वाटलं होतं.

बाजूच्या फळ्यांना खाली मागच्या कोपऱ्यात स्कर्टिंगसाठी, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी असते त्या पट्टीसाठी, खाच हवी होती. एकीला पाडली, झकास पडली, म्हणून तीच वर ठेवून दुसरीवर पेन्सिलीने गिरवली आणि कापली. सनमायका दोन्हींची वरच होती. उभ्या करून बघतो तर एकीची खाच मागे, दुसरीची पुढे. उलटी करावी तर सनमायका आत जाते. दोन्ही बाजू डाव्या! आमच्या लालबागेत लाल बावट्याच्या काळात खपूनही गेलं असतं. खोटं कशाला बोलू, मी दहा मिनिटं ती फळी वेगवेगळ्या दिशांनी फिरवून बघितली, जणू कधीतरी उजवी होईल. शेवटी पुढच्या खाचेत तुकडा चिकटवला, मागे नवीन खाच पाडली.

मग पट्ट्या. फळ्या टेकवायला आतून अर्ध्या इंचाच्या पट्ट्या मारायच्या होत्या. बाजू स्टुलावर आडवी टाकली आणि दोन इंची स्क्रू पिळले. चार स्क्रू, एकदम घट्ट, मनासारखं काम. पट्टी अर्धा इंच, प्लाय पाऊण, मिळून सव्वा, उरलेला पाऊण इंच कुठे गेला हा प्रश्न मला बाजू उचलल्यावर पडला. स्टूलही उचललं गेलं.

घाबरायचं काय, स्क्रू काढायचे. ड्रिल लावलं, बटण दाबलं. यावेळी मात्र ते रिव्हर्सवर नव्हतं. सकाळी बायकोने सरळ करून दिलेलं. चारही स्क्रू आणखी आत गेले आणि डोकी झिजून गुळगुळीत झाली.

रॅक आता दाराशी उभा आहे, कडेला स्टुलासकट. गेल्या रविवारी सासूबाई आल्या होत्या, त्यावर टेकून आरामात चपला घातल्या आणि लेकीला म्हणाल्या, "जावईबापूंनी बसायची सोय किती विचार करून केलीये बघ."

बायको माझ्याकडे बघत होती. मी टेप शोधत होतो.