डिस्ट्रॉय म्हणजे डिलीट नव्हे: लिबव्हर्टविरुद्ध फिरणाऱ्या पोस्टला उत्तर

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला धाकट्या भावाचा फोन आला. तो नाशिकला एका छोट्या कंपनीत टेस्टिंगचे सर्व्हर सांभाळतो. त्यांवर व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, एका संगणकाच्या पोटात चालणारे आभासी संगणक, चालतात. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, नव्या व्हीएम सुरूच होत नव्हत्या, सारखं परमिशन डिनाइड. ग्रुपवर एक पोस्ट आली होती, त्यातला तिसरा मुद्दा केला आणि झालं काम!" म्हटलं, पोस्ट पाठव. वाचली, आणि त्याला परत फोन लावून सांगितलं की आत्ताच्या आत्ता लॅपटॉप उघड, केलंस ते सगळं उलटं फिरव, झोपायचं नंतर बघू.

पोस्ट तुमच्याकडेही पोचली असेल. "लिनक्सवर व्हीएम चालवताय? आधी लिबव्हर्ट काढून टाका" असं शीर्षक, खाली सहा मुद्दे, प्रत्येकापुढे लाल दिवा, आणि शेवटी "मोठ्या कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत". माझ्याकडे ती याआधी दोन ग्रुपांवरून आली होती. तेव्हा सोडून दिली. आता घरातल्या माणसाने ती चालत्या सर्व्हरवर करून पाहिली म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

ज्यांचा लिबव्हर्टशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच. लिनक्सवर व्हीएम प्रत्यक्ष चालवतात ते कर्नलमधलं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलं, केव्हीएम आणि त्याच्या जोडीला क्यूएमू हा प्रोग्रॅम. त्यांना हुकूम देणारी सी भाषेतली लायब्ररी म्हणजे लिबव्हर्ट. पायथन, गो, पर्ल, रुबी यांतूनही ती वापरता येते. मशीन कसं हवं ते एक्सएमएल या ठरावीक साच्याच्या मजकुरात लिहून द्यायचं, मग सुरू करणं, बंद करणं, मेमरी वाढवणं, दुसऱ्या होस्टवर, म्हणजे व्हीएम पोटात घेणाऱ्या खऱ्या मशीनवर, हलवणं हे सगळं फंक्शन बोलावून होतं. व्हर्श ही आज्ञा त्याच फंक्शनांना टर्मिनलवरून हाक मारते. भावाची पायथन स्क्रिप्ट रोज रात्री पाच-सहा व्हीएम उभ्या करते, त्यांत टेस्ट चालवते आणि सकाळी पाडून टाकते. पोस्टवाल्याचं म्हणणं असं की ही एपीआय-बिपीआय, म्हणजे लिबव्हर्टची फंक्शनं, सोडा, शेल स्क्रिप्टमधून (टर्मिनलच्या आज्ञांच्या फाइलमधून) थेट क्यूएमू चालवा.

क्रम मोडून तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण खरं विष तिथे आहे.

"परमिशन डिनाइड येतंय? क्यूएमूच्या कॉन्फिग फाइलमध्ये युजर रूट करा, सिक्युरिटी ड्रायव्हर नन करा. लांबून कनेक्ट व्हायचंय? टीसीपी सुरू करा, ऑथ नन ठेवा. कटकट संपली."

कटकट संपते, यात शंका नाही. दार चौकटीसकट उपटून काढलं की किल्ली शोधायची कटकटही संपते. इथे एका दमात तीन कुलपं काढली आहेत. पहिलं म्हणजे क्यूएमूची प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, साध्या युजरच्या नावाने चालते, सगळे अधिकार असलेल्या रूटच्या नव्हे. फेडोरा, रेड हॅट या लिनक्सच्या प्रकारांवर त्या युजरचं नाव क्यूएमू, उबुंटू, डेबियनवर लिबव्हर्ट-क्यूएमू. दुसरं कुलूप एसव्हर्टचं, म्हणजे व्हीएमना एकमेकींपासून वेगळं ठेवणाऱ्या बंधनांचं; सिक्युरिटी ड्रायव्हर नन केला की ते जातं. फेडोरा ११ पासून, म्हणजे २००९ पासून ते आहे. एसईलिनक्स ही लिनक्सची सुरक्षा यंत्रणा असेल तिथे प्रत्येक व्हीएमच्या प्रोसेसला दोन आकड्यांची एक जोडी मिळते, आणि तीच जोडी तिच्या डिस्कच्या फाइलवर लागते. आकडे जुळले नाहीत तर एका व्हीएमची प्रोसेस दुसरीच्या डिस्कला हात लावू शकत नाही, मग दोघी एकाच युजरच्या नावाने का चालत असेनात. उबुंटूवर हेच काम ॲपआर्मर करतं.

हे कुलूप कधी कामाला येतं? मे २०१५ मध्ये व्हेनम नावाची फट उघड झाली होती. क्यूएमूमधल्या फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये २००४ पासून पडून असलेली चूक. व्हीएमच्या आत बसलेला माणूस तिच्यातून बाहेर क्यूएमूच्या प्रोसेसमध्ये घुसू शकत होता. तेव्हा रेड हॅटने स्वतः सांगितलं होतं की एसव्हर्टसारख्या बंधनांमुळे अशा हल्ल्याचा परिणाम कमी होऊ शकतो. पोस्टवाल्याच्या सल्ल्याने चालणाऱ्या सर्व्हरवर ती प्रोसेस रूटची असती आणि तिच्यापुढे भिंतच नसती. फ्लॉपी आता कोण वापरतं म्हणाल, तर तेव्हाही कोणी वापरत नव्हतं.

तिसरं कुलूप काढणं सर्वांत वाईट. लिबव्हर्टचं साधं टीसीपी पोर्ट १६५०९ पासवर्डाशिवाय उघडं ठेवायचं. लिहिण्याच्या परवानगीसह लिबव्हर्टला जोडला गेलेला माणूस त्या होस्टवर रूटच झाला असं समजा. त्याला काही हॅकिंग करावं लागत नाही. तो एक व्हीएम लिहितो, तिची डिस्क म्हणून होस्टची अख्खी हार्डडिस्क देतो, व्हीएम सुरू करतो आणि आत बसून होस्टच्या फायली वाचतो, बदलतो. सगळं नियमाप्रमाणे, लिबव्हर्टच्याच फंक्शनांनी. लांबून जोडायला कनेक्शनच्या पत्त्यात क्यूएमू प्लस एसएसएच (लांबच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनची सोय) लिहा, मग एसएसएचची किल्ली आहे तोच आत येतो. नुसती यादी किंवा आकडेवारी हवी असेल तर ओपन-रीडओन्ली नावाचं वेगळं फंक्शनच आहे.

आणि मूळ दुखणं काय निघालं? भावाने आयएसओ फाइल, म्हणजे सिस्टीम टाकायच्या डिस्कची प्रत, स्वतःच्या डाउनलोड्समध्ये ठेवली होती. उबुंटूने २१.०४ पासून होम फोल्डर इतर युजरांसाठी बंद केलं आहे, त्यामुळे लिबव्हर्ट-क्यूएमू हा युजर त्या फोल्डरमधून पुढे जाऊच शकत नव्हता. फाइल उचलून लिबव्हर्टच्या नेहमीच्या इमेजेस फोल्डरमध्ये टाकली आणि व्हीएम मुकाट्याने सुरू झाली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ते हेच.

आता दुसरा मुद्दा. हा धोकादायक कमी आणि हास्यास्पद जास्त.

"लिबव्हर्टचं डिस्ट्रॉय व्हीएम डिस्कसकट कायमची पुसून टाकतं. अडकलेली व्हीएम बंद करायला सरळ क्यूएमूचा पीआयडी शोधा आणि किल उणे नऊ मारा. डेटा वाचतो."

पीआयडी म्हणजे चालू प्रोसेसचा क्रमांक. व्हर्शचं मॅन्युअल लिनक्सवरच असतं, एक ओळ टाइप केली की उघडतं. त्यात डिस्ट्रॉयखाली लिहिलंय की हे चालू मशीनची पॉवरची वायर उपटल्यासारखं आहे, आतल्या सिस्टीमला सावरायला वेळ मिळत नाही, आणि बहुतेक वेळा तुम्हाला शटडाउनच हवं असतं. त्याच परिच्छेदात पुढे स्वच्छ शब्दांत म्हटलंय की यामुळे व्हीएमच्या स्टोरेजमधलं काहीही पुसलं जात नाही, आणि व्हीएम कायमची नोंदवलेली असेल तर नंतर पुन्हा सुरू करता येते. पोस्टवाल्याने तो एक परिच्छेद वाचला असता तर आपल्या सगळ्यांचा वेळ वाचला असता.

गंमत पुढेच आहे. डिस्ट्रॉय क्यूएमूला आधी सिगटर्म पाठवतं, म्हणजे "आवर आता" असं सांगतं. थोडा वेळ थांबतं. तरी हललं नाही तर मग सिगकिल, म्हणजे जागच्या जागी ठार. ग्रेसफुल असा पर्याय दिला तर सिगकिलपर्यंत जातच नाही, एरर देऊन थांबतं. आणि किल उणे नऊ म्हणजे पहिल्याच फटक्यात सिगकिल, क्यूएमूला हातातलं डिस्कवर लिहायचीही सवड नाही. म्हणजे डेटा वाचवायचा म्हणून हा माणूस सौम्य उपाय सोडून जालीम उपाय सांगतोय. वर लिबव्हर्टला मागे काय झालं ते कळत नाही. तिला फक्त क्यूएमूशी बोलायचा दुवा (सॉकेट) तुटलेला दिसतो आणि व्हीएम क्रॅश झाली अशी तिची समजूत होते.

डिस्क पुसणारा पर्याय कुठेच नाही असं नाही. व्हीएमची नोंद काढणाऱ्या व्हर्श अनडिफाइनला रिमूव्ह-ऑल-स्टोरेज जोडलं तर पुसते. पण एवढं लांबलचक नाव चुकून कोणाच्या हातून टाइप होत नाही. आणि डिस्ट्रॉय खरंच डिस्क पुसत असतं, तर भावाचा सर्व्हर ऐन दिवाळीत भरला नसता. महिनाभर रोज रात्रीच्या व्हीएम पाडून झाल्यावर त्यांच्या डिस्कच्या क्यूकाऊ२ फायली तशाच पडून होत्या, आणि त्या शोधून पुसायला मीच बसले होते.

हां, नाव वाईट आहे, हे मला मान्य करावंच लागेल. कोणत्याही भल्या माणसाला डिस्ट्रॉय वाचून छातीत धडधड होईल. त्यात पायथनमध्ये क्रिएट आणि क्रिएट-एक्सएमएल अशी दोन सख्ख्या बहिणींसारखी नावं, आणि दोघींचे स्वभाव वेगळे. याचं मूळ जुनं आहे. लिबव्हर्टचं काम २००५ मध्ये डॅनियल वेयार यांनी रेड हॅटमध्ये सुरू केलं ते झेन या व्हीएम चालवणाऱ्या दुसऱ्या प्रणालीसाठी. केव्हीएम कर्नलमध्ये आलं फेब्रुवारी २००७ मध्ये. व्हीएमला डोमेन म्हणायची सवय झेनचीच, आणि झेनच्या एक्सएम या आज्ञेतही क्रिएट आणि डिस्ट्रॉय होतेच. एकदा दिलेलं फंक्शन मोडायचं नाही हा लिबव्हर्टचा नियम असल्यामुळे ती नावं तशीच राहिली.

राहिलेले चार भराभर उरकते.

"लिबव्हर्टमुळे व्हीएम स्लो होतात." व्हीएम सुरू करून दिल्यावर लिबव्हर्ट बाजूला उभी असते. आतलं सीपीयूचं काम केव्हीएममधून जातं, डिस्क आणि नेटवर्कचं क्यूएमू आणि कर्नलमधून. स्लो वाटत असेल तर एक्सएमएल उघडा. डिस्क आयडीई आणि नेटवर्क कार्ड ई१००० ठेवलंय का? व्हीएमसाठीच बनवलेलं वेगवान व्हर्टआयओ करा. पहिल्या ओळीत डोमेनचा टाइप केव्हीएमऐवजी क्यूएमू आहे का? मग तुमचं मशीन सीपीयूची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये करतंय, बहुधा बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. प्रॉक्समॉक्स ही व्हीएम सांभाळणारी प्रणाली लिबव्हर्ट वापरत नाही हे पोस्टमधलं वाक्य खरं आहे. पण तेच काम करायला त्यांनी पर्लमध्ये स्वतःचा क्यूएमू-सर्व्हर लिहिला आणि सांभाळला. शेल स्क्रिप्टमध्ये दोन ओळी टाकून भागवलेलं नाही.

"इटीसीमधली (सेटिंगांच्या फोल्डरमधली) एक्सएमएल फाइल हाताने बदला, झटपट होतं." त्या फाइलच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं की ही आपोआप तयार झालेली आहे, बदल पुसले जातील, व्हर्श एडिट वापरा. प्रोग्रॅममधून बदलायचं तर एक्सएमएल मागून घ्या, बदला, व्हीएम कायमची नोंदवणाऱ्या डिफाइन-एक्सएमएल या फंक्शनला परत द्या. एक्सएमएल लिहिणं कंटाळवाणं आहे, त्याबद्दल भांडण नाही.

"लिबव्हर्टडी बंद पडली की सगळ्या व्हीएम मेल्या." लिबव्हर्टडी म्हणजे लिबव्हर्टचा डीमन, मागे सतत चालणारा प्रोग्रॅम. करून बघा. क्यूएमूचा पीआयडी लिहून ठेवा, डीमन रीस्टार्ट करा, पीआयडी तोच असतो. व्हीएम ही स्वतंत्र प्रोसेस आहे, डीमन परत आला की तिला पुन्हा जोडून घेतो. लोक घाबरतात ते वेगळ्याच कारणाने. नव्या डिस्ट्रोंवर हे डीमन हाती काम नसेल तर १२० सेकंदांनी आपणहून झोपतात आणि हाक मारली की उठतात. सिस्टमसीटीएलमध्ये (डीमनची स्थिती दाखवणाऱ्या आज्ञेत) इनॲक्टिव्ह, डेड दिसलं की कोणीतरी ग्रुपवर क्रॅश झाल्याचा स्क्रीनशॉट टाकतोच.

याच मुद्द्याला शेपूट जोडलंय: "रेड हॅटनेच ते मोडीत काढलं." अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हे. आरएचईएल ८ मध्ये, म्हणजे रेड हॅटच्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत, व्हर्ट-मॅनेजर ही खिडकीवाली ॲप डेप्रिकेट केली, म्हणजे पुढे वापरू नका असं सांगितलं, आरएचईएल ९ मध्ये एकच मोठी लिबव्हर्टडी. पहिलीच्या जागी कॉकपिट हे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं साधन आलं, आणि कॉकपिट व्हीएमसाठी लिबव्हर्टशीच बोलतं. दुसरीच्या जागी तिचेच तुकडे आले, व्हर्टक्यूएमूडी, व्हर्टनेटवर्कडी वगैरे. लायब्ररी आणि तिची एपीआय जागेवर आहेत. मोठ्या क्लाउडांत व्हीएम चालवणारं ओपनस्टॅकचं नोव्हा तिच्यावर चालतं, क्यूबव्हर्ट चालतं.

शेवटचा: "व्हीएम आपोआप गायब होतात." तीन शक्यता. व्हर्श लिस्ट फक्त चालू व्हीएम दाखवते, पुढे ऑल लिहा. नाहीतर तुम्ही व्हीएम सिस्टमच्या (अख्ख्या मशीनच्या) कनेक्शनवर केली आणि शोधताय सेशनच्या (फक्त तुमच्या युजरच्या), ही दोन वेगळी खाती आहेत आणि साध्या युजरला व्हर्श बऱ्याच ठिकाणी सेशनवर नेते. तिसरी शक्यता क्रिएट-एक्सएमएलची. त्याने उभी केलेली व्हीएम तात्पुरती असते, बंद झाली की यादीतून जाते, डिस्कची फाइल मात्र राहते. टिकाऊ हवी तर आधी डिफाइन-एक्सएमएल, मग क्रिएट.

भावाने हे ऐकून लगेच विचारलं, मग माझ्या स्क्रिप्टमध्ये बदलू का? नको म्हटलं. सकाळी पाडायच्याच व्हीएम कायमच्या कशाला नोंदवायच्या. स्क्रिप्टच्या शेवटी क्यूकाऊ२ पुसायचं फंक्शन दिवाळीतच घातलंय. बदलायची होती ती एकच ओळ, आयएसओच्या पत्त्याची.