नेट बंद करायचंय? मग जरा नीट करा

तर भिया, देश चालवायला घेतलाय ना, मग पहिलं काम म्हणजे केबल कुठून येते ते बघून ठेवा, संविधान वगैरे नंतर वाचा वेळ मिळाला तर.

इजिप्तचं काम सोप्पं होतं. मोजक्या कंपन्या, जानेवारी 2011 च्या शेवटी राष्ट्राध्यक्ष मुबारकसाहेबांच्या माणसांनी हुकूम सोडला आणि एका रात्रीत जवळपास अख्खा देश नेटवरून गायब. युरोप-आशियाला जोडणाऱ्या केबल पण तिथूनच जातात, त्या मात्र चालू ठेवल्या बरं का, धंदा तो धंदा. फक्त एक घोळ झाला, घरात बसून फेसबुकवर शिव्या घालणारे लोक बाहेर काय चाललंय ते बघायला रस्त्यावर उतरले, आणि 11 फेब्रुवारीला साहेब घरी. म्हणून सांगतो, लोक घरातच बसायला हवे असतील तर नेट चालू ठेवा. आमच्या इंदूरच्या रामबागेत काका लोक सकाळी पोहे-जलेबी झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर दोन-तीन सरकारं पाडतात, रोज, कुणाची खुर्ची हललीय का आजपर्यंत?

चीनसारखी नको त्या साइट अडवणारी चाळणी लावता आली तर उत्तमच, पण त्याला पैसा लागतो. पैसा नसेल तर युगांडाचं बघा, 2018 मध्ये सोशल मीडिया वापरायचा रोजचा 200 शिलिंग टॅक्स, म्हणजे पोह्यांवर शेव हवी तर वेगळे पैसे टाका.

आणि फक्त हुकूमशहांनाच जमतं असं समजून खचून जाऊ नका, आपण लोकशाहीवाले यात कुठे मागे नाही. राजस्थानात 2021 ला शिक्षकभरतीच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून कितीतरी जिल्ह्यांचं मोबाइल नेट बंद. काश्मीरचं ऑगस्ट 2019 मध्ये गेलं, सुप्रीम कोर्ट जानेवारी 2020 मध्ये म्हणालं की बेमुदत बंदी चालणार नाही, आदेश लोकांसमोर ठेवा, वगैरे वगैरे, आणि फोरजी आलं फेब्रुवारी 2021 मध्ये. कोर्टाचा मान राखायचा, घाई कशाला.

नेपाळसारखं तेवढं करू नका. सप्टेंबर 2025 मध्ये 26 अ‍ॅप एकदम बंद केले, पोरं आधीच भ्रष्टाचारावर चिडलेली, 8 तारखेला गोळीबार, कित्येक पोरं गेली, रात्री बंदी उठवली, 9 ला पंतप्रधान ओलींचा राजीनामा. मग नवं अंतरिम पंतप्रधान कोण याची चर्चा पोरांनी केली कुठे, तर डिस्कॉर्डवर, गेम खेळणाऱ्यांच्या अ‍ॅपवर, आणि 12 ला सुशीला कार्कींचा शपथविधी. तेव्हा बंदी घालायच्या आधी घरातल्या नातवाला जवळ घेऊन बसा, तो काय काय वापरतो ते तुमच्या गृहसचिवाच्या बापालाही माहीत नसतं.